बग तसाच, रिपोर्ट मात्र बंद: युजर आणि डेव्हलपर यांचं नेमकं कुठे बिनसतं?

धागालेखक

काल रात्री मेल आला की तुमच्या इश्यूवर (म्हणजे मी नोंदवलेल्या बगच्या तक्रारीवर) ६० दिवस काही हालचाल नाही म्हणून तो बंद करतोय. पाठवणारा माणूस नाही, बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून इथे लिहितोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

फोटो कॅटलॉग करायचं एक ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर मी सहा वर्षं वापरतोय. नाव मुद्दाम घेत नाही कारण मला त्या लोकांवर झुंड सोडायची नाहीये. अकरा हजारांच्या आसपास फोटो आहेत आणि जवळपास प्रत्येकाला मी हाताने कॅप्शन लिहिलंय, कोण आहे, कधीचा, काय चाललं होतं. चार महिन्यांपूर्वी डिस्क बदलली, फोटो नव्या डिस्कवर आणले, सॉफ्टवेअरला नवीन फोल्डर दाखवला, आणि ३४० फोटोंची कॅप्शन गायब. सगळ्यांची गेली असती तर समजलो असतो की मीच काहीतरी चुकवलं, पण ३४० च आणि तेही इकडचे तिकडचे, एका वर्षाचे नाहीत, एका कॅमेऱ्याचे नाहीत.

मग तीन संध्याकाळी बसून रिपोर्ट लिहिला. व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, लॉग, स्क्रीनशॉट, आणि नमुना म्हणून दोन फोटोंचा एक छोटा फोल्डर पण जोडला. नऊ दिवसांनी उत्तर आलं, एकच ओळ, माझ्याकडे असं होत नाही. खाली लेबल, आणखी माहिती हवी. कुठली माहिती ते नाही सांगितलं. मी त्याच दिवशी परत लिहिलं की सांगा काय देऊ, काहीही देतो. त्यावर काहीच नाही. आणि मग ६० दिवसांनी बॉट.

मी चिडलो आणि खाली लिहिलं की सहा वर्षं वापरतोय आणि एवढी साधी गोष्ट तुम्हाला धड बघता येत नाही. अर्ध्या तासात डेव्हलपरचं उत्तर, हे आम्ही फावल्या वेळात फुकट करतो, पटत नसेल तर दुसरं वापरा, आणि धागा लॉक. म्हणजे ६० दिवस वेळ नव्हता आणि रागाला उत्तर द्यायला अर्धा तास पुरला, हे मला फार लागलं. माझं ते वाक्य चुकलं हे मान्य आहे, आजही मान्य आहे. पण त्या तीन संध्याकाळी मी पण फुकटच दिल्या होत्या ना?

प्रतिसाद १

अगदी हेच माझ्या बाबतीत दोनदा झालंय त्यामुळे पोचलं. नाही म्हटलेलं परवडतं हो, गप्प बसलेलं नाही परवडत.

प्रतिसाद २

मी दुसऱ्या बाजूला बसतो म्हणून लिहितो. एक छोटी लायब्ररी आहे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांना वापरता येईल असा तयार कोड, एकटाच सांभाळतो, नोकरी वेगळी. तुमचा राग समजला आणि तुमचा रिपोर्ट जसा सांगताय तसा असेल तर तो चांगल्यांतला आहे, पण इकडून कसं दिसतं ते सांगतो.

रात्री दहाला जेवणखाण आटपून लॅपटॉप उघडला की उघडे इश्यू समोर. त्यातले बरेचसे एका ओळीचे, चालत नाही, क्रॅश होतं, अपडेटनंतर सगळं बिघडलं. प्रत्येकाला विचारायचं कुठलं व्हर्जन, काय केलंत, एरर काय आली. निम्मे परत येतच नाहीत. उरलेल्यांतले काही येतात ते ओरडत येतात. मग एखादा तुमच्यासारखा नीट लिहिलेला सापडतो आणि त्याला खरंच एक पूर्ण संध्याकाळ लागणार असते, कारण तसंच वातावरण उभं करायचं, तोच डेटा आणायचा, तरच ते माझ्याकडे होणार. आणि माझ्याकडे झालं नाही तर मला दुरुस्त करताच येत नाही, अंदाजाने कोड बदलला तर ज्यांचं चालतंय त्यांचं पण मोडेल. माझ्याकडे असं होत नाही हे वाक्य तुम्हाला तुम्ही खोटं बोलताय असं ऐकू येतं. मी लिहितो तेव्हा त्याचा अर्थ मला पुढे वाट दिसत नाहीये एवढाच असतो. ते तसं लिहायला हवं हे मात्र तुमचा धागा वाचून पटलं, मी पण नुसतं तेवढंच लिहून सोडलंय कितीतरी वेळा.

अर्ध्या तासात उत्तर का आलं ते पण सांगतो. बग समजून घ्यायला डोकं शांत लागतं, एक सलग वेळ लागतो. दुखावल्यावर उत्तर द्यायला काहीच लागत नाही. मी पण दिलीत अशी उत्तरं आणि दुसऱ्या दिवशी वाचून लाज वाटलीय.

प्रतिसाद ३

बॉटने बंद करण्याच्या प्रकाराला माझा पूर्ण विरोध आहे आणि हे दुखणं आजचं नाही. नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या सुरुवातीच्या प्रोग्रामरांपैकी जेमी झविन्स्की यांनी २००३ मध्येच ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपबद्दल तक्रार केली होती की जुने बग कोणी दुरुस्त करत नाही, नवीन व्हर्जन नव्याने लिहितात आणि मग जुने सगळे रिपोर्ट एका झटक्यात बंद करून लोकांना सांगतात की नव्यात आहे का बघा आणि असेल तर परत टाका. तेव्हा बॉट नव्हता, माणसंच करायची, आता यंत्र करतं एवढाच फरक.

रिपोर्ट बंद झाला म्हणजे बग गेला असं नाही ना. उघड्या इश्यूंचा आकडा कमी दिसावा म्हणून खरी माहिती फेकून द्यायची हे मला पटत नाही. उघडा पडून राहिला तर काय बिघडतं? त्याच ग्नोमच्या फाइल निवडायच्या खिडकीत फोटोंची छोटी चित्रं दिसावीत ही मागणी २००४ ची, ती २०२२ मध्ये पूर्ण झाली. अठरा वर्षं. पण मागणी नोंदलेली होती, लोक त्यावर पॅच (दुरुस्तीचा कोड) टाकत होते, चर्चा सापडत होती, कोणीतरी शेवटी ते केलं. ६० दिवसांत बंद करून टाकली असती तर दर सहा महिन्यांनी कोणीतरी परत पहिल्यापासून लिहिली असती.

प्रतिसाद ४ (क्र. २ चे)

उघडा राहिला तर काय बिघडतं याचं उत्तर, सांभाळणाऱ्याचं मन बिघडतं. दोन हजार उघडे इश्यू बघून नवीन रिलीज करावंसं वाटत नाही. मी बॉट लावलेला नाही, पण ज्यांनी लावलाय त्यांना मी नावं नाही ठेवणार.

प्रतिसाद ५

माझं आयुष्य टेस्टिंगमध्ये गेलं त्यामुळे मला या भांडणात एकच गोष्ट दिसते. युजर जे सांगतो ते जवळजवळ कायम खरं असतं आणि युजर जे कारण सांगतो ते बऱ्याचदा चुकीचं असतं. डेव्हलपर कारण चुकीचं आहे हे बघून घटनाच खोटी धरतो आणि तिथे ठिणगी पडते.

उबुंटू या लिनक्सचा एक जुना रिपोर्ट आहे, ओपन ऑफिसमधून मंगळवारी प्रिंट होत नाही. मंगळवारीच. असं कोणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? त्या माणसाची बायको म्हणत होती की मंगळवारी कधीच छापत नाही आणि तिचं अक्षरशः खरं निघालं. छापायला पाठवलेल्या पोस्टस्क्रिप्ट फाइलमध्ये वरती तयार केल्याची तारीख असते, त्यात वाराचं इंग्रजी तीन अक्षरी रूप. फाइल कुठल्या प्रकारची आहे हे ओळखणारी एक छोटी युटिलिटी आहे, तिच्या नियमांत चूक होती, मंगळवारची ती तीन अक्षरं विशिष्ट जागी दिसली की ती म्हणायची ही एर्लँग नावाच्या भाषेची फाइल आहे. मग प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणायचा हे मला छापता येत नाही. दोष ओपन ऑफिसचा नाही, प्रिंटरचाही नाही, बघणाऱ्याला जे दिसलं ते मात्र शंभर टक्के बरोबर.

पटी हा दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचा प्रोग्राम लिहिणाऱ्या सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये बग कसा कळवावा यावर एक लेख लिहिलाय तो अजून वाचण्यासारखा आहे. त्यातलाही गाभा हाच की डेव्हलपरला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल असं करा, ते जमत नसेल तर काय दिसलं ते जसंच्या तसं सांगा, आणि तुमचा अंदाज सांगायचा तर तो अंदाज म्हणून वेगळा ठेवा.

धागालेखक, एक विचारतो. तुम्ही जो दोन फोटोंचा नमुना पाठवलात तो त्या ३४० पैकी होता का, आणि जसाच्या तसा पाठवला की काही बदलून?

प्रतिसाद ६

माफ करा पण मला हे फुकट फुकट ऐकून कंटाळा आलाय. वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहायचं की भरवशाचं आहे, तुमच्या आठवणी सुरक्षित ठेवा, आणि डेटा गेला की म्हणायचं लायसन्स वाचा. ओपन सोर्सची नेहमीची दोन लायसन्स घ्या, एमआयटी म्हणतं जसं आहे तसं, जीपीएल म्हणतं कुठलीही हमी नाही, बरोबर, कायद्याने कोणी बांधील नाही. पण कायद्याने बांधील नसणं आणि माणसाला माणसासारखं उत्तर देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटा जाणं आणि बटणाचा रंग चुकणं एका मापाने मोजू नका एवढंच म्हणणं आहे.

प्रतिसाद ७

डेटा जाण्याच्या बगला वेगळी वागणूक हवी याला +१.

पण क्र. ६, एक लक्षात घ्या की मला उत्तर हवंच, लवकर हवं, नाहीतर हटा, हा दबाव किती महागात पडू शकतो ते २०२४ मध्ये दिसलंय. एक्सझेड ही फाइल आकसून छोटी करणारी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये. वर्षानुवर्षं एकच माणूस सांभाळत होता. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर काही अनोळखी खाती येऊन त्याच्या मागे लागली, पॅच पडून आहेत, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्याने उत्तरात लिहिलं होतं की मानसिक आरोग्याच्या अडचणींमुळे वेळ कमी पडतो आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे. हळूहळू एका मदतनीसाला अधिकार मिळाले, आणि त्या मदतनीसाच्या नावाने ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये मागचा दरवाजा, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, बसवला गेला. ती मागे लागलेली खातीही बहुधा त्याच कटातली होती असं आता मानलं जातं. म्हणजे रागावलेल्या युजरचं सोंग घेतलं की एकट्या मेंटेनरला (सांभाळणाऱ्याला) वाकवता येतं हे कोणीतरी नीट ओळखलं होतं.

आणि ते पकडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचं काम करणारे डेव्हलपर, त्यांना दिसलं की एसएसएच, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षित लॉगिन करायला, साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कोणी सोडून दिलं असतं. त्यांनी खणत जाऊन २९ मार्च २०२४ ला सगळं पुराव्यासकट जाहीर केलं. तो पण एक बग रिपोर्टच होता, आणि मी वाचलेल्यांतला सगळ्यात मोलाचा. अर्धा सेकंद उशीर होतोय ही तक्रार कुठल्याही ट्रॅकरवर क्षुल्लक म्हणून बंद झाली असती की नाही सांगा.

धागालेखक

क्र. ५, नमुन्याचे फोटो त्या ३४० पैकीच होते पण घरच्यांचे चेहरे जाऊ नयेत म्हणून मी त्यातल्या त्यात भिंतीचे आणि झाडाचे निवडले, आणि फाइलांची नावं बदलून टेस्ट१, टेस्ट२ अशी केली. नावात काय असणार म्हणून. का विचारलंत?

क्र. ७, हे मला एवढं तपशिलात माहीत नव्हतं. मी लिहिलेलं वाक्य परत वाचलं तर त्या खात्यांच्या वाक्यांपेक्षा फार वेगळं नाहीये, याचं वाईट वाटलं.

प्रतिसाद ८

सॉफ्टवेअर कुठून घेतलंय ते सांगा. डिस्ट्रोच्या (डेबियन, फेडोरा अशा तयार लिनक्सच्या) पॅकेजमधून की मूळ प्रोजेक्टकडून? हा प्रश्न कोणीच विचारत नाही आणि निम्मी भांडणं इथेच असतात. डिस्ट्रो दोन वर्षांपूर्वीचं व्हर्जन स्वतःचे बदल करून देते, युजर रिपोर्ट टाकतो मूळ डेव्हलपरकडे, तो म्हणतो हे तर मी केव्हाच दुरुस्त केलंय, दोघेही खरे आणि दोघेही वैतागलेले. एक्सस्क्रीनसेव्हरच्या बाबतीत २०१६ मध्ये याच कारणावरून डेबियनबरोबर मोठं वाजलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओबीएस स्टुडिओ या व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी फेडोराला थेट कायदेशीर कारवाईचा इशारा दिला, कारण फेडोराने स्वतः बांधलेलं ओबीएसचं फ्लॅटपॅक (एक प्रकारचं पॅकेज) नीट चालत नव्हतं आणि तक्रारी सगळ्या ओबीएसकडे येत होत्या. नंतर मिटलं ते, पण त्या मधल्या काळात ज्या युजरने मन लावून रिपोर्ट लिहिला त्याने कोणाकडे जायचं?

धागालेखक

मूळ प्रोजेक्टच्या साइटवरून, ताजं व्हर्जन. ते मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं.

प्रतिसाद ९

थोडं पैशाचं पण बोलूया कारण फावल्या वेळात हा शब्द सारखा येतोय. २०१४ मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेतली मोठी चूक सापडली तेव्हा कळलं की निम्मं इंटरनेट ज्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवर चालतं तिला वर्षाला साधारण २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभा केला, पण सवय बदलली नाही. लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीतल्या चुकीचा गोंधळ डिसेंबर २०२१ मध्ये झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये कर्ल हे डेटा आणण्या-पाठवण्याचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बड्या कंपनीकडून मेल आला की लॉगफोरजेबद्दल आमच्या या प्रश्नांची उत्तरं २४ तासांत द्या. कर्ल सी भाषेत लिहिलंय, जावाच्या त्या लायब्ररीशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि त्या कंपनीशी त्यांचा कुठलाही करार नाही.

आता त्यात एआयने लिहिलेले रिपोर्ट आलेत. दिसायला तुमच्या रिपोर्टसारखे नीटनेटके, पायऱ्या, लॉग, सगळं, आणि आत जे फंक्शन सांगितलंय ते कोडमध्ये अस्तित्वातच नाही. कर्लने अशा रिपोर्टांना कंटाळून २०१९ पासून चालवलेली बग शोधणाऱ्यांना बक्षीस द्यायची योजना जानेवारी २०२६ अखेरीस बंद केली. पूर्वी नीट लिहिलेला रिपोर्ट म्हणजे माणसाने मेहनत घेतलीय अशी खूण होती, ती खूणच गेली. धागालेखकांना नऊ दिवसांनी एक ओळ मिळाली त्यामागे हे पण असू शकतं, मी समर्थन करत नाहीये.

प्रतिसाद १०

पैसे दिले की भांडण संपतं असं नाही पण. पगारी लोक विरुद्ध पगारी लोक अशी पण झालीत. २०१० मध्ये फेडोरा १४ वर ६४ बिट फ्लॅश प्लेयरमधून आवाज फाटका यायला लागला. कारण ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीने मेमकॉपी हे डेटा कॉपी करायचं फंक्शन नव्या प्रोसेसरवर वेगवान व्हावं म्हणून बदललं होतं, काही वेळा ते मागून पुढे कॉपी करायचं. सी च्या स्टँडर्डमध्ये स्पष्ट आहे की एकमेकांवर चढणाऱ्या जागांसाठी मेमकॉपी वापरायचं नाही, मेममूव्ह वापरायचं, आणि फ्लॅश चुकीचं वापरत होतं. नियमाने ग्लिबसी बरोबर. त्या रिपोर्टवर स्वतः लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स येऊन वाद घालत होते, मुद्दा असा की युजरला स्टँडर्ड ऐकू येत नाही, फाटका आवाज ऐकू येतो. शेवटी ग्लिबसी २.१४ मध्ये तोडगा निघाला, जुन्या प्रोग्रामांना जुन्या पद्धतीचं मेमकॉपी आणि नव्याने बांधलेल्यांना नवं. मला हा तोडगा फार आवडतो. कोणी हरलं नाही आणि आवाज नीट झाला. पण त्यासाठी हा बगच नाही म्हणून दार लावून न घेता कोणीतरी परत त्या प्रश्नापाशी बसावं लागलं.

प्रतिसाद ११ (क्र. ५ चे)

धागालेखक, नावं बदलली हे तुम्ही सांगितलं आणि मला तिथेच शंका आली. नमुना करताना आपण ज्या गोष्टी बिनमहत्त्वाच्या समजून पुसतो त्यातच बग असतो असं मी खूपदा बघितलंय. त्या ३४० मधल्या दहा-पंधरा फाइलांची खरी नावं इथे देता का? खासगी असतील ती वगळा.

धागालेखक

घ्या. किनाऱ्यावर पहाट. पायऱ्या. दुसऱ्या दिवशी सगळे. कोपऱ्यातलं झाड. वाऱ्याने उडालेली छत्री. गाभाऱ्याबाहेर. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. नवऱ्यामुलीची मावशी. बोचऱ्या थंडीत. चौथऱ्यावर आजी.

प्रतिसाद १२

अहो प्रत्येकात ऱ्य आहे!!

प्रतिसाद १३ (क्र. २ चे)

क्र. १२, नजर जबरदस्त. आणि आता मला बहुतेक कळलं. धागालेखक, फोटो मधल्या काळात मॅकवर फॉरमॅट केलेल्या जुन्या डिस्कवर होते का?

कारण सांगतो. ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत) दोन प्रकारे लिहिता येतं. एक म्हणजे अख्खं एकच अक्षर, यूटीएफ ८ या साठवायच्या रूपात ३ बाइट. दुसरं म्हणजे साधा र आणि त्याला खाली नुक्ता, असे दोन तुकडे, ६ बाइट. युनिकोडच्या नियमाने दोन्ही एकच, पडद्यावर फरक दिसणार नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत फाइलची नावं ठेवताना अशी अक्षरं स्वतःहून तुकडे करून ठेवते. लिनक्स काही करत नाही, जसे बाइट आले तसे ठेवतं. म्हणजे तुमच्या डेटाबेसमध्ये ३ बाइटचा ऱ, मॅकच्या डिस्कवरून परत आलेल्या फाइलीत ६ बाइटचा, सॉफ्टवेअर बाइट जुळवून बघतं आणि म्हणतं ही फाइल मला माहीतच नाही. कॅप्शन गेलेली नसणार, डेटाबेसमध्येच असतील, फक्त कोणाला जोडायची ते त्याला सापडत नाहीये.

डेव्हलपरने स्वतः ऱ टाइप करून बघितला असता तरी त्याच्याकडे झालं नसतं, कारण नाव त्या डिस्कमधून जाऊन यायला हवं. आणि तुम्ही तर नावच टेस्ट१ केलं. त्याच्याकडे असं होत नाही हे खरंच होतं.

हेक्सडंप या बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रामने एका नावाचे बाइट बघा, लगेच कळेल.

प्रतिसाद १४

एक मिनिट, असं असेल तर हे फक्त देवनागरीचं नाही. मी तेच सॉफ्टवेअर वापरते असं वर्णनावरून वाटतंय, आणि माझ्या जर्मन मैत्रिणीच्या नावाचे, ज्यात यू वर दोन टिंबं आहेत, सगळे फोटो असेच बिनकॅप्शनचे झालेत. मी रिपोर्ट नाही टाकला, वाटलं आपलंच काहीतरी.

धागालेखक

हो! जुनी डिस्क मॅकवरच फॉरमॅट केलेली होती, मला आठवलंच नाही सांगायचं. आत्ता बाइट बघितले. डेटाबेसमध्ये ३, डिस्कवर ६. पायऱ्या आणि पायऱ्या, दोन्ही शेजारी ठेवले तरी डोळ्याला सारखेच.

मग ट्रॅकरवर बंद झालेल्या इश्यूंमध्ये शोधलं, आधी मी फक्त उघड्यांमध्ये शोधलं होतं. तीन सापडले. एक फ्रेंच ॲक्सेंटवाल्या नावांचा, एक क्र. १४ यांच्यासारखा दोन टिंबांचा, एक कोरियन नावांचा. तिघांनाही तेच, माझ्याकडे होत नाही, मग आणखी माहिती हवी, मग बॉट. चौघं चार भाषांत एकच गोष्ट सांगत होतो आणि प्रत्येक जण एकेकटा बंद झाला. हे चारही एकमेकांशेजारी उघडे दिसले असते तर कोणीतरी क्र. १२ सारखं ओरडलं असतं की अरे सगळी तुकडे जोडून बनणारी अक्षरं आहेत.

नवीन रिपोर्ट टाकतोय. यावेळी लहान. दोन रिकाम्या फाइली, एकीच्या नावात ३ बाइटचा ऱ आणि दुसरीच्या ६ चा, मॅकची डिस्क न लागता बग दिसेल अशा. शिवाय ते तीन जुने इश्यू जोडतो. आणि सुरुवातीला मागच्या वाक्याबद्दल माफी.

प्रतिसाद १५

माफी मागा पण बॉटचा मुद्दा सोडू नका.

प्रतिसाद १६ (क्र. २ चे)

मी माझ्या लायब्ररीच्या इश्यू फॉर्ममध्ये एक ओळ घातली आजच, नमुना देताना फाइलचं नाव बदलू नका, बदलावंच लागलं तर बदललंय असं लिहा. आणि माझ्याकडे होत नाही लिहिताना मी काय काय करून बघितलं ते पण लिहीन. हे आधी लिहिलं असतं त्या डेव्हलपरने की मी टेस्ट१ आणि टेस्ट२ घेऊन फोल्डर हलवून बघितला, तर धागालेखकांना तिथेच क्लिक झालं असतं की अरे ती खरी नावं नाहीत.

धागालेखक

अपडेट देतो, बऱ्याच जणांनी व्यनि करून विचारलं.

रिपोर्ट टाकल्यावर दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यांच्याकडे दोन मिनिटांत दिसलं. जुने तिन्ही परत उघडले आणि माझ्याला जोडले. नाव शोधण्याआधी दोन्ही बाजू एकाच रूपात आणून मग जुळवायच्या असा बदल एका वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) केलाय, मला तपासायला सांगितलंय. आणि एक सूचना ठळक केलीय की तोपर्यंत डेटाबेस साफ करायचं बटण कोणीही दाबू नका, ते दाबलं तर न सापडलेल्या फाइलींची कॅप्शन खरोखर पुसली जातात. मी चार महिन्यांत ते दोनदा दाबणार होतो. क्र. १४, तुम्ही पण दाबू नका.

लॉक केलेल्या धाग्याबद्दल त्यांनी लिहिलं की त्या दिवशी त्यांनी तसं उत्तर द्यायला नको होतं. माझी माफी पण पोचली असं म्हणाले.

बॉटबद्दल विचारलं. काढणार नाही म्हणाले, दोघंच आहोत, तो काढला तर आम्हीच निघून जाऊ. मी सुचवलं की डेटा हरवण्याचं लेबल असेल त्याला तरी बॉटने हात लावू नये. त्यावर विचार करतो म्हणालेत, हो म्हटलेलं नाही. लेबल कोण लावणार हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो बरोबरही आहे, म्हणून आठवड्यातून एक संध्याकाळ नवीन इश्यू वाचून लेबल लावायचं काम मी मागितलंय. कोरियनवाल्या माणसाने पण मागितलंय.

आत्ता ब्रँच उतरवून बांधायला लावलीय, डेटाबेसची प्रत आधी काढून ठेवली. झालं की पहिल्यांदा आजीचा चौथऱ्यावरचा फोटो उघडणार आहे, त्याखाली मी काय लिहिलं होतं ते मला आठवत नाहीये.